बन्सीधर मापाड्याचा हवाई बेडा

इसम नामे बन्सीधर वल्द मुंजाजी, उमर अंदाजे बेचाळीस साल, पेशा मापाडी, साकीन सेलू, जिल्हा परभणी. कद मध्यम, रंग सावळा, डाव्या भुवईवर जुनी खोक, डोईस पटका. सदर इसम दर बाजाराच्या दुसऱ्या दिवशी चारठाण्याच्या रस्त्यालगतच्या माळावर सरकारी इजाजतीशिवाय सात असामींचा जमाव जमवतो. जमावाने स्वतःस ‘विमान मंडळी’ असे नाव दिले असून जमावाच्या ताब्यात हवाई जहाजे नग तीन आहेत. साध्या वेषातील जवानाने लागोपाठ चार हप्ते लपून पाळत ठेवली असता एकही जहाज उडाल्याचे दिसून आले नाही. सबब मंडळीचा असली इरादा काही निराळाच असावा, असा शुबा येतो.

हा पोलीस चौकीतला मजकूर फसली सन १३४७ च्या आजूर महिन्यातला. इंग्रजी हिशेबाने एकोणीसशे सदतीस साल, दसऱ्याला आठवडाभर होता. मूळ उर्दूत आहे आणि तिथे तो यापेक्षा भारदस्त वाटतो. त्यातली एकही गोष्ट खोटी नव्हती. जमाव सात जणांचाच होता, जहाजे तीनच होती आणि ती उडत नव्हती, हे तर बन्सीधरने स्वतःच सांगितले असते, कुणी विचारले असते तर. फक्त ‘लपून’ हा शब्द जरा सैल होता. त्या माळावर आडोसा म्हणावा अशी एकच बाभूळ, आणि ती जवानापेक्षा बारीक होती. दुसऱ्या हप्त्यापासून मंडळीतला भुजंग मेंढपाळ त्याला तांब्याभर ताक नेऊन देऊ लागला. जवान ताक पिई, तांब्या परत करी आणि पुन्हा लपे.

बन्सीधर सेलूच्या कापसाच्या बाजारात मापाडी होता. बाप मुंजाजी मापाडी, त्याचीच सनद याच्या नावावर झालेली. खेड्यांवरून गाड्या येत, अडतीपुढे मोठा काटा टांगलेला असे, एका पारड्यात कापूस चढे, दुसऱ्यात वजने, आणि बन्सीधर खड्या सुरात मोजे. मापाडी पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. लाभ, मग दोन, मग तीन. वीस वर्षे हे मोजून त्याच्या बोलण्यालाही तोच ठेका आला होता. कुठलीही वस्तू हातात आली की तो आधी ती जराशी झेलून पाही. लग्नात नवरीच्या मामाने नारळ दिला तरी याचा हात आपोआप खालीवर होई, आणि मामाला वाटे, माणूस नाराज आहे.

विमानाचे खूळ त्याच्या डोक्यात शिरले ते भर बाजारात. छत्तीस सालच्या माघात, दुपारच्या वेळी, एक खरे विमान रेल्वेचा रूळ धरून हैदराबादकडून मनमाडकडे गेले. रूळ सोडला तर वाट चुकेल अशा बेताने ते अगदी रुळावरून चालले होते. सगळा बाजार माना वर करून उभा राहिला. एका पारड्यात कापूस, दुसऱ्यात मणाची वजने, काटा डोलतो आहे आणि मापाडी वर पाहतो आहे, असे सेलूत पूर्वी कधी झाले नव्हते. विमान दिसेनासे झाल्यावर बाकीच्यांनी कोण बसले असेल, कुठे चालले असेल, असल्या गोष्टी काढल्या. बन्सीधरने विचारले, ते भरत किती असेल? याचे उत्तर बाजारात कुणापाशी नव्हते, आणि ज्याचे वजन कुणाला माहीत नाही अशी वस्तू आपल्या डोक्यावरून निघून गेली, ही गोष्ट त्याच्या मनाला लागून राहिली.

पुढच्याच महिन्यात जिनिंगच्या कारखान्यात यंत्राचे सुटे भाग आले. पेटीत भुश्शाबरोबर इंग्रजी मासिकांचे कागद कोंबलेले होते. त्यातल्या एका पानावर रबराच्या पिळाने उडणाऱ्या लहानग्या विमानाचे चित्र होते: काड्या, कागद, पंखा, सगळे मापासकट. एवढे एकच पान. मागच्या बाजूला साबणाची जाहिरात. बन्सीधरने ते पान स्टेशनवरच्या मालबाबूकडे नेले. मालबाबूने चष्मा पुसला, बराच वेळ वाचले आणि सांगितले की पुढचा मजकूर पुढच्या पानावर आहे. मात्र या पानावर एवढे लिहिले आहे की पंखाखाली जो बाण दाखवला आहे त्याकडे विशेष लक्ष द्यावे.

विशेष लक्ष देण्याचे काम दस्तगीरमियाँकडे आले. दस्तगीरमियाँ सेलूचे ताबूत करणारे. बांबूच्या कामट्या केसासारख्या तासायच्या, त्यांचा सांगाडा बांधायचा, त्यावर पतंगी कागद असा ताणायचा की बोटाने टिचकी मारली तर डफासारखा वाजावा, आणि खळीत मोरचूद घालायचा म्हणजे कीड लागत नाही, ही त्यांची पिढीजात विद्या. वर्षातले दहा दिवस त्यांना मान होता आणि बाकीचे दिवस ते टोपल्या, पिंजरे करून घर चालवत. बन्सीधरने चित्र पुढे ठेवले तेव्हा त्यांनी ते उलटे धरून पाहिले, सुलटे धरून पाहिले आणि म्हणाले, हे तर ताबुताचे लेकरू दिसते. आठ दिवसांत त्यांनी ते हुबेहूब उभे केले. पंखा पांगाऱ्याच्या लाकडाचा, रबर सायकलच्या ट्यूबच्या चिरलेल्या पट्ट्यांचे. पंखाखालच्या बाणाकडे त्यांनी विशेष लक्ष दिले. तो तांबडाभडक रंगवला आणि त्याला सोनेरी कड काढली.

तिसरा खांब भुजंग. मूळचा झरीकडचा, मेंढरांमागे इकडे आलेला आणि त्या माळाला धरून राहिलेला. माळ मोकळा, दगड कमी, म्हणून विमानाला बरा. पण भुजंग मंडळीत आला तो जागेपायी नव्हे. वारा कुठून येतो आहे हे बन्सीधर माती उधळून पाही, दस्तगीरमियाँ दाढी वर करून पाहत, आणि दोघांचे एकमत होत नसे. शेवटी भुजंग दुरून ओरडला, की मेंढरं वाऱ्याला तोंड देऊन चरायलीत, तिकडं बघा की. त्या दिवसापासून तो मंडळीचा वाऱ्याचा अधिकारी झाला. बाकीचे चार सभासद म्हणजे एक शिंपी, एक सायकलवाला आणि दोघे हमाल. कुणी ट्यूब आणी, कुणी कागद, कुणी घरची कणीक खळीसाठी. तीच वर्गणी.

मंडळीत विमानांना नावे नव्हती, वजने होती. पहिले अठरा तोळ्यांचे, दुसरे चौदाचे, तिसरे बाराचे. तिन्हींची चाल एकच. पंख्याला पीळ द्यायचा, वाऱ्याला तोंड करायचे, सोडायचे. विमान हातातून सुटले की नाक वर करी, आणखी वर करी, हवेत क्षणभर विचारात पडल्यासारखे थांबे आणि शेपटावर बसत खाली येई. बन्सीधर सवयीने मोजायला लागे: ‘लाभ...’ आणि दोन म्हणायच्या आत विमान जमिनीवर असे. दीड वर्षात मंडळीचे मोजणे लाभाच्या पुढे गेले नव्हते.

आणि तरी दर वेळी परत निघताना बन्सीधर सगळ्यांना हात जोडी. दस्तगीरमियाँना म्हणे, तुमी होता म्हणून एवढं तरी झालं. भुजंगाला म्हणे, तुझा माळ हाय म्हणून. हमालांना म्हणे, तुमी उन्हाचं आलात. झाले काय होते हे बघायला गेले तर फारसे काही नव्हते, पण त्याचे आभार खरे असत. विमान न उडण्याने या माणसाला कमीपणा कसा येत नाही, याचे त्याच्या बायकोला, कमलबाईला, नवल वाटे. ती म्हणे, आमच्या घरात भाकर करपली तर बोलणी बसतेत आन् माळावर इमान पडलं तर आभार मानतेत.

आता इजाजतीचे. त्या दिवसांत हैदराबाद संस्थानात सभेला इजाजत लागे, आखाड्याला लागे, चार माणसांनी नाव धारण करून एका जागी बसायचे तर त्यालाही लागे. मंडळीने पहिल्याच महिन्यात रीतसर दरखास्त दिली होती. ती तहसिलीत कुठल्याशा बस्त्यात स्वस्थ होती. उत्तर आले नाही, आणि नकारही आला नाही म्हणून मंडळी चालू राहिली. चालू राहिली म्हणून जवान आला. जवानाने पाहिले ते लिहिले. आणि दसऱ्याच्या सहा दिवस आधी बन्सीधरला चौकीवर बोलावणे आले.

चौकीचे मुख्य अमीनसाहेब वाईट माणूस नव्हते. कंटाळलेले होते. त्यांनी बन्सीधरला बसायला सांगितले, ही गोष्ट तो जन्मभर सांगत असे. मग कागद पुढे ओढून म्हणाले, “बन्सीधर, तुम्हारा जहाज उडता नहीं, और मंडली बराबर चलती है. फिर उधर चलता क्या है?”

हा प्रश्न बन्सीधरलाही कधी कधी पडला होता, पण इतक्या स्वच्छ शब्दांत नाही.

अमीनसाहेबांनी समजावून सांगितले. तहसीलदारसाहेब दौऱ्यावर आहेत, दसऱ्याला त्यांचा मुक्काम सेलूत पडतो, कचेरीला सुट्टी असल्याने त्यांना वेळ आहे. ते संध्याकाळी माळावर येतील आणि डोळ्यांनी पाहतील. विमान उडाले तर दरखास्त मंजूर. नाही उडाले तर मंडळी त्याच जागी बरखास्त, सातही जणांकडून चांगल्या वर्तणुकीचे मुचलके, आणि मापाड्याची सनद कुणाच्या हाती आहे याचाही फेरविचार. त्यांनी हे सगळे अर्ध्या ओळीत बसवले: “उडा तो खेल है. नहीं उडा तो जलसा है.” जलसा म्हणजे त्यांच्या उर्दूत सभा.

बन्सीधर चौकीतून बाहेर पडला तेव्हा त्याच्या मनात आधी सनद आली, बापाची. सनद गेली तर काटा गेला, काटा गेला तर तो कोण, हे त्याला सांगता आले नसते. पण घराकडे वळेपर्यंत वेगळीच गोष्ट पुढे आली. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी माळावर जायचे नाही. मग त्या दिवशी माणसाने करायचे तरी काय? भुजंग एकटा मेंढरे राखील, दस्तगीरमियाँ पिंजरे करतील, आणि तिघांना एकमेकांकडे जायला काही कारणच उरणार नाही. मापाडी ताबूतवाल्याच्या ओसरीवर रोज जाऊन बसत नाही. विमान होते म्हणून बसत होता.

त्याने पाच दिवस बाजारातून लवकर घरी येऊन एकच काम केले. सोनाराकडून लहान काटा मागून आणला आणि बारा तोळ्यांचे विमान हलके करायला घेतले. वीस वर्षे वजन केलेल्या माणसाची ही अढळ समजूत होती की पडणारी वस्तू जड आहे म्हणून पडते. अठराचे पडले, चौदाचे पडले, बाराचे पडले, तेव्हा दहाचे पडणार नाही. आरंभ कुठून करायचा तर तोंडाकडून, कारण कामाचा आरंभ तोंडाकडूनच होतो. त्याने पंखा तासला. पंख्यामागची कामटी तासली. नाकावरचा कागद काढून पातळ लावला. गुंजा-गुंजांनी वजन उतरत गेले. दस्तगीरमियाँ शेजारी बसून धास्तावल्या डोळ्यांनी बघत होते. चौथ्या दिवशी त्यांना राहवेना. “बन्सीभाऊ,” ते म्हणाले, “और छिले तो बांबू का बाल हो जाएगा.” बन्सीधरने आणखी दोन गुंजा काढल्या. खांडेनवमीच्या सकाळी काटा बरोबर दहा तोळ्यांवर थांबला, आणि त्याने दस्तगीरमियाँना हात जोडले.

खांडेनवमीला घरातली सगळी अवजारे पुजायची असतात. ज्याचे पोट ज्यावर, ते त्याने त्या दिवशी वापरायचे नाही, पुढे ठेवून हात जोडायचे. कमलबाईने जमीन सारवली, पाट मांडला. मोठा काटा, वजने, विळा, कोयता, पाटा-वरवंटा ओळीने ठेवले. मग आत जाऊन खुंटीवरचे विमान काढून आणले. बन्सीधर दचकला. ते कशाला, म्हणाला. ती म्हणाली, “का, हत्यार न्हाई का ते?”

“हत्यार म्हणू नको बाई,” बन्सीधर म्हणाला. “अमीनसाहेबांच्या कानावर गेलं तर लिवून घेतील.”

“बरं, अवजार म्हणते.”

तिने सगळ्यांना हळदकुंकू वाहिले. मग पिवळ्या चिंध्या घेतल्या, एकेकीत एक सुपारी आणि हळकुंड घालून गाठोडी केली. एक काट्याच्या दांडीला बांधली. दुसरी विमानाच्या नाकाला, पंख्याच्या अगदी मागे, गच्च. बन्सीधर म्हणाला, बांधायचीच असली तर निदान शेपटाकडं बांध, तिथं नजरेला येत न्हाई. कमलबाईने त्याच्याकडे, तो काटा धरायला विसरला आहे अशा नजरेने पाहिले.

“ह्याला तोंड हाय, तर तोंडालाच बांधायचं,” ती म्हणाली. “पोळ्याला बैलाची पूजा काय शेपटाची करतेत व्हय?”

तिची पाठ वळताच त्याने विमान सोनाराच्या काट्यावर ठेवले. अकरा. बरोबर एक तोळा चढला होता. पाच दिवसांचे काम एका गाठीत गेले.

त्या दिवशी त्या घरात जी बोलणी झाली ती शेजारच्यांनाही पुरली. बन्सीधरचे म्हणणे एवढेच की उद्या तासभर गाठ सोडतो, तहसीलदारसाहेब गेले की पुन्हा बांधतो, देवाला कळणारसुद्धा नाही. कमलबाईचे म्हणणे, शिलंगण होईपर्यंत पूजा उतरवायची नसते. वेशीबाहेर जाऊन, सीमा ओलांडून आले की मग काय सोडायचे ते सोडा. विमान माळावर न्यायचे तर खुशाल न्या, माळ वेशीबाहेरच आहे, पण जाईल ते सुपारीसकट जाईल. बन्सीधरने सनदीचे सांगितले, सातजणांच्या मुचलक्याचे सांगितले. हे तिला ठाऊक नव्हते असे नाही. उलट म्हणूनच ती गाठ सोडू देत नव्हती. शेवटी तो काकुळतीला येऊन म्हणाला, अगं, त्या सुपारीपायी ते उडायचं न्हाई.

“दीड वर्स सुपारीबिगर उडलं का?” कमलबाईने विचारले.

बन्सीधरने सोनाराचा काटा फडक्यात बांधला आणि परत करून आला.

दसऱ्याच्या संध्याकाळी गाव शिलंगणाला बाहेर पडले. यंदा वाट वाकडी करून सगळे माळावरच आले, कारण तहसीलदारसाहेब तिथे होते आणि मापाडी काय उडवतो ते पाहायचे होते. चारशे माणसांचा जमाव, इजाजतीशिवाय, आपट्याची पाने हातात घेऊन उभा होता. सातजणांच्या जमावाची चौकशी करायला आलेल्या कुणाच्याही ही गोष्ट लक्षात आली नाही. साहेबांना खुर्ची होती, त्यांची लिखापढी करणाऱ्या पेशकाराला पेटी, अमीनसाहेब उभे. पाळतीवरचा जवान आज उघडपणे आला होता आणि लोक त्याला बाभळीमागे जागा करून देत होते.

दस्तगीरमियाँनी पंख्याला पीळ दिला. बोटांनी मोजत, ओठ हलवत, ताबुताला शेवटचा कागद लावताना लावत तसा चेहरा करून. भुजंग मेंढरांकडे पाहून म्हणाला, “वारा कारखान्याकडनं हाय दादा, आन् गरीब हाय. ह्याच्यावानी वारा पुन्यांदा गावायचा न्हाई.” बन्सीधरने विमान डोक्यावर धरले. पिवळी चिंधी नाकाखाली लोंबत होती. तिच्याकडे न बघण्याचा त्याने प्रयत्न केला. हात सवयीने जरासा खालीवर झाला. अकरा. त्याने सोडले.

विमानाने नाक वर केले नाही.

एवढीच गोष्ट आधी सगळ्यांच्या ध्यानात आली. दीड वर्ष ते हातातून सुटल्याबरोबर आभाळाकडे तोंड करी. आज त्याने समोर पाहिले, आणि पलीकडे काही काम आहे असे सरळ निघाले. बन्सीधरच्या गळ्यातून आपसूक ‘लाभ’ निघाला. पुढे त्याला काही सुचेना. त्या माळावर त्याने पुढचा आकडा कधी म्हटलाच नव्हता. विमान चालले होते आणि मापाडी तोंड उघडे टाकून उभा होता. शेवटी शेजारून भुजंग हळूच म्हणाला, “दादा, दोन म्हना की.”

“दोन,” बन्सीधर म्हणाला.

मग सुटला. तीन, चार, पाच. तो बाजारातला खडा सूर होता, आणि गावाला तो पाठ होता. दहापासून हमाल त्याच्यात मिसळले, पंधरापासून सगळा माळ. विमान हळूच एका अंगाला कलले, मेंढरांवरून गेले, तांबडा बाण आणि त्याची सोनेरी कड मावळत्या उन्हात क्षणभर दिसली. तेवीसला पंखा थांबला. सव्वीसला ते कळपाच्या पलीकडे, तुरीच्या बांधाला, पाय मोडल्यासारखे न पडता बसल्यासारखे उतरले. मेंढरांनी एकदा माना वर केल्या आणि पुन्हा चरायला लागली.

भुजंगाने ते दोन्ही हातांनी उचलून आणले. बायकांच्या घोळक्यातून कमलबाई पुढे आली होती. तिने एवढेच विचारले, “सुपारी हाय का जाग्यावर?” होती.

तहसीलदारसाहेब उठून उभे राहिले होते. त्यांनी विमान हातात घेतले, सगळीकडून पाहिले, बाणावर बोट फिरवले आणि बन्सीधरला विचारले की इतके दिवस का उडाले नाही.

“हुजूर,” बन्सीधर म्हणाला, “सुपारी न्हवती.”

पेशकाराने साहेबांकडे पाहिले. साहेबांनी मान हलवली. पेशकाराने लिहून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी इजाजतीच्या कागदासाठी तहसीलदारसाहेबांच्या कॅम्पवर जायचे होते. त्याआधी बन्सीधर विमान घेऊन ओसरीवर बसला. रात्रभर त्याच्या डोक्यात एकच घोळत होते. जड झाले आणि उडाले, हे त्याच्या वीस वर्षांच्या धंद्याविरुद्ध होते. त्याने एक दोरा घेतला, आणि कुठे बांधावा म्हणून शोधताना बोट पंखाखालच्या तांबड्या बाणावर गेले. तिथे दोरा बांधला आणि विमान टांगले. ते सरळ राहिले. ना नाक खाली, ना शेपूट. काट्याची दांडी दोन्ही पारडी सारखी झाल्यावर राहते, तसे. मग त्याने खुंटीवरचे चौदा तोळ्यांचे काढले, बाणापाशी टांगले. त्याचे शेपूट धपकन खाली गेले.

मासिकाच्या पानावर दीड वर्ष काट्याचे चित्र होते, आणि सेलूच्या बाजारातल्या मापाड्याला ते ओळखू आले नव्हते. वजन किती, एवढेच तो विचारत आला होता. वजन कुठे, हे त्याला कुणी विचारलेच नव्हते. तो तसाच उठून दस्तगीरमियाँकडे गेला आणि त्यांना दोरा धरून दाखवले. दस्तगीरमियाँ दोनदा हसले. एकदा लगेच आणि एकदा जरा वेळाने. “मतलब डेढ साल मैं निशान को सोना लगाता रहा,” ते म्हणाले, “और उसका मायना भाभी को मालूम था.”

कमलबाईला हे सांगितले तेव्हा तिने विशेष काही मानले नाही. तोंड असेल तर तोंडालाच बांधायचे, हे ती आधीच म्हणाली होती.

पुढे मंडळी अकरा वर्षे चालली. विमाने तीस मोजणीपर्यंत गेली, एकदा एकेचाळीसपर्यंत. प्रत्येकाच्या नाकाला पिवळी चिंधी असे, आणि बाहेरगावचे कुणी तिचे कारण विचारले तर बन्सीधर सगळी हकीकत पहिल्यापासून सांगे. तिच्यात स्वतःचा भाग तो फार थोडा ठेवी. चित्र पेटीतून आले. बांबू मियाँनी तासला. वारा भुजंगाच्या मेंढरांनी दाखवला. सुपारी घरातून मिळाली. जवानाने खरे लिहिले म्हणून साहेब आले, आणि अमीनसाहेबांनी बसायला सांगितले. आपण काय केले, तर हात वर करून सोडून दिले. दर दसऱ्याला तो आपट्याची पाने घेऊन निघे ते याच क्रमाने सगळ्यांकडे जाई; अमीनसाहेबांची बदली झाल्यावर त्यांची पाने नव्या अमिनाला देऊन, ही तुमची न्हाईत, म्हणून सांगून येई. पहिले पान मात्र घरात, कमलबाईच्या हातात पडे. ती म्हणे, ठेवा तिथं, हात पिठाचे हायेत.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात हैदराबादवर हिंदी फौज चालून आली आणि सेलूवरून खरी विमाने गेली. त्या दिवसांत कुणी कुणाकडे जावे अशी हवा राहिली नव्हती. दस्तगीरमियाँ, त्यांची बायको आणि दोन मुली अकरा दिवस बन्सीधरच्या घरात होती. दाराशी काठ्या घेऊन आलेल्यांना कमलबाईने उंबऱ्यातच सांगितले, की ते इमानाचं काम करायलेत, खळ वाळायली, आत येऊ नका. भुजंग त्या अकरा दिवसांत मेंढरे घराच्या समोरच बसवत होता. बाराव्या दिवशी दस्तगीरमियाँ आपल्या घरी गेले. जाताना बन्सीधरने त्यांना हात जोडले आणि म्हणाला, तुमी होता म्हणून एवढं तरी झालं. मियाँ म्हणाले, ये मेरा बोलने का था.

मंडळीच्या सरकारी मिसलेतला, म्हणजे फायलीतला, शेवटचा कागद मात्र सदतीसचाच आहे, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा. इजाजत मिळाली होती, तीन शर्तींवर: जहाजात सवारी घेऊ नये, रेल्वेच्या रुळावर उतरू नये, सरकारी इमारतीवरून जाण्याचा प्रसंग आल्यास आगाऊ इत्तला द्यावी. त्याखाली पेशकाराने जहाजाच्या नोंदणीचा तक्ता आखला होता, असा तक्ता पूर्वी कधी आखला नसल्यामुळे बराच मोठा. मालक: विमान मंडळी, सेलू. चालक: बन्सीधर वल्द मुंजाजी. इंजिन: सायकलची ट्यूब. मुक्काम: खुंटी, चालकाचे राहते घर. वजनाच्या खान्यात सहा आकडे बसतील एवढी जागा सोडली होती. बन्सीधरने सोनाराचा काटा पुन्हा मागून आणला होता. त्याने पेशकारासमोर विमान पारड्यात ठेवले आणि दांडी थांबेपर्यंत वाट पाहिली.

सुपारीसकट अकरा तोळे.